कोंकणकिनाऱ्यावर फिरतें बिऱ्हाड

देशावरचा शेतकरी कोंकणांत उतरतो तो बहुधा हरिहरेश्वराच्या अथवा गणपतीपुळ्याच्या यात्रेसाठीं. देवदर्शन झालें, समुद्रांत पाय भिजविले, नारळ-सुपारी बांधून घेतली, कीं तो घाट चढून परत येतो. वाटेवरची शेती पाहावयास त्याला सवड नसते. आम्हीहि आजवर याच मासल्याचे प्रवासी होतों. गेल्या मार्गशीर्षांत मात्र आम्हां उभयतांना बारा दिवस किनाऱ्यानें सावकाश जाण्याचा योग आला, आणि त्यास निकडीचें कारणहि होतें.

आमच्या कुटुंबास माहेराकडून श्रीवर्धनाजवळ दहा गुंठ्यांची सुपारीची वाडी मिळालेली आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ हें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां त्या वाडींतील बहुतेक झाडें एका दुपारींत आडवीं झालीं. तेव्हांपासून वाडी पडीकच होती. इतक्यांत प्रवाशांसाठीं खोल्या बांधूं इच्छिणाऱ्या एका गृहस्थाकडून चांगल्या किंमतीची मागणी आली. विकावी कीं पुन्हां लावावी, हा प्रश्न घरीं बसून सुटेना. आमचें मन विकण्याकडे होतें, कुटुंबाचें ठेवण्याकडे. तेव्हां किनाऱ्यावरचे बागाईतदार काय करतात तें आधीं डोळ्यांनीं पाहावें, असें ठरलें.

शहरांतले लोक ज्या वाहनास कॅम्पर व्हॅन म्हणतात, तें विकत घेण्याची ऐपत आमची नाहीं. ज्या मोटारींतून आम्ही एरव्हीं भाजी बाजारास नेतों, तिच्यांतच उचलून ठेवतां येईल अशी लांकडी खाट घातली. खाटेखालीं शिध्याची पेटी, मागें पाण्याची टांकी, बाजूस गॅसची शेगडी आणि पावसा-दंवासाठीं ताडपत्री, एवढाच संसार. मुक्काम नेहमीं कोणाच्या तरी अंगणांत, विचारून करावा. समुद्राच्या पुळणीवर मोटार कधींहि नेऊं नये. आम्हीं एकदां तो मोह केला, आणि मागचीं चाकें वाळूंत अर्धीं रुतलीं. भरतीचें पाणी चढत होतें. कोळीबंधूंनीं चाकांतली हवा थोडी कमी केली, खालीं माडाच्या झावळ्या घातल्या आणि दहाजणांनीं रेटा दिला, म्हणून वाहन वांचलें.

प्रवास अलिबागेहून सुरू केला. येथील खारजमीन देशावरील शेतकऱ्यानें अवश्य पाहावी. खाडीच्या पाण्यास बांध घालून आंत भात पिकवितात. बांधांत उघाडी असते. तिचें दार वरच्या बाजूस बिजागरीनें टांगलेलें असतें. ओहोटीस आंतील गोडें पाणी तें दार ढकलून बाहेर पडतें, आणि भरतीस समुद्राचेंच पाणी दाबून तें बंद करतें. पहारेकऱ्यावांचून चालणारें असें यंत्र क्वचितच आढळेल. परंतु बांधास एक भोंक पडलें तरी खारें पाणी साऱ्यांच्या शेतांत शिरतें, आणि मुरलेलें मीठ पावसानें धुवून निघेपर्यंत पीक हातीं लागत नाहीं. म्हणून बांध राखणें हें कोणा एकाचें काम राहत नाहीं. मुंबई सरकारनें १९४८ सालीं खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदा केला, त्याचें मूळ या अडचणींत आहे. याच तालुक्यांतील चरी गांवीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं १९३३ पासून सुमारें सहा वर्षें खोतांविरुद्ध संप चालविला होता. एकजुटीचा धडा या मातींत जुना आहे.

भात निघाल्यावर अंगच्या ओलीवर वाल पेरलेला दिसला, आणि कांहीं शेतांत पांढऱ्या कांद्याच्या रोपांची लावणी चालू होती. अलिबागच्या या कांद्यास आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे. माळा विणून टांगलेला हा कांदा ग्राहक नांवानें मागून घेतो, ही गोष्ट आम्हां वजनावर माल विकणाऱ्यांस विचार करावयास लावणारी आहे.

मुरुडाहून आगरदांड्यास येऊन फेरीबोटीनें, मोटारीसह, दिघीस उतरलों. दिवेआगराहून शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनास जाणारा रस्ता थेट समुद्राच्या कडेनें जातो. उजवीकडे पाणी, डावीकडे डोंगर. इतका सुंदर रस्ता आम्हीं दुसरा पाहिला नाहीं. परंतु आमचें कुटुंब त्या वाटेंत बोललें नाहीं. वाडी जवळ येत होती.

वाडींत गेल्यावर दिसलें तें असें. पडलेले बुंधे जागचे जागीं कुजलेले, विहिरींत झावळ्या व गाळ, आणि मध्यें कोणीं तरी हौसेनें लावलेलीं सुपारीचीं वीस-पंचवीस रोपें करपून गेलेलीं. शेजारचे वृद्ध बागाईतदार बांधावर आले. ते म्हणाले, “ताई, विकायची तर विका, पण हे बुंधे आधीं काढा. यांतच गेंड्या भुंगा वाढतो, आणि माझ्या माडांचे शेंडे खातो.” हें ऐकून आम्हांस लाज वाटली. माडाला एकच शेंडा. तो गेला कीं झाड गेलें. आमच्या पडीक वाडीनें शेजाऱ्याचें नुकसान होत होतें, हें चार वेळां भाव करतांना एकदांहि आमच्या मनांत आलें नव्हतें.

रोपें कां करपलीं तेंहि त्यांनींच सांगितलें. सुपारीचें कोंवळें रोप सावलीचें. नैर्ऋत्येकडून येणारें दुपारचें ऊन्ह त्यास सोसत नाहीं. जुन्या वाडींत एखादें झाड मेलें तर त्या जागीं लावलेल्या रोपावर शेजारच्या झाडांची सावली असते. वादळानें सगळींच झाडें नेलीं, म्हणून सावलीहि गेली. अशा ठिकाणीं आधीं केळ लावावी, ती वाढली कीं मग तिच्या आडोशास सुपारी. शेवटीं ते म्हणाले, “आणि ठरविण्याआधीं विहीर उपसून पाहा. पाणी गोडें असेल तर वाडी आहे, नसेल तर नुसती जागा आहे.” विहीर उपसण्याचें व बुंधे जाळण्याचें काम तेथील माणसांस देऊन आम्ही पुढें निघालों.

बागमांडल्याहून वेसवी, दाभोळाहून धोपावें आणि तवसाळाहून जयगड, अशा आणखी तीन खाड्या फेरीबोटीनें ओलांडल्या. दापोलीस १९७२ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ आहे. सुपारीसाठीं त्याचें संशोधन केंद्र श्रीवर्धनासच आहे. रत्नागिरीजवळ भाट्यें येथें १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र चालतें. माड साडेसात मीटर अंतरावर लावतात, आणि त्याचीं बहुतेक कामाचीं मुळें बुंध्यापासून दोन मीटरांच्या आंत असतात. म्हणजे मधली पुष्कळ जमीन मोकळीच राहते. त्या जागीं जायफळ, दालचिनी आणि माडावर चढविलेली मिरी असें मिश्र पीक घेतात. जायफळाच्या बाबतींत एक सावधगिरी हवी. बीपासून केलेल्या रोपांत नर व मादी झाडें निराळीं निघतात आणि तें फुलावर आल्यावरच कळतें. म्हणून कलमेंच लावावीं.

या सर्वांतून आम्हीं स्वतःपुरता हिशेब मांडला. सुपारी दोन मीटर सत्तर सेंटिमीटर अंतरानें लावल्यास दहा गुंठ्यांत सुमारें एकशेंपस्तीस झाडें बसतात. विहीर, वाट व कुंपण सोडलें तर शंभर-सवाशें. पीक हातीं येण्यास पांच ते आठ वर्षें लागतात. तोंवर उत्पन्न काय तें केळीचें. विक्रीची रक्कम बँकेंत ठेवली तर पहिल्या वर्षापासून व्याज मिळेल. पैशाच्या भाषेंत पहिलीं आठ वर्षें विक्रीच सरस ठरते. हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

परतीच्या वाटेनें पुन्हां वाडीस आलों. विहीर स्वच्छ झाली होती. कुटुंबानें पोहऱ्यानें पाणी काढून चाखलें आणि पोहरा आमच्या हातीं दिला. पाणी गोडें होतें. ती एवढेंच म्हणाली, “माझ्या लग्नाचा खर्च या झाडांनीं दिला. व्याजानें नाहीं.” आम्हीं मागणी करणाऱ्या गृहस्थास नकार कळविला.

शेजारच्या बागाईतदारांशीं करार झाला आहे. देखरेख त्यांची, रोपें व खत आमचें, केळीचें उत्पन्न अर्धें-अर्धें. समुद्राच्या अंगास वाऱ्यास आडोसा म्हणून उंडी व सुरूची ओळ लावावयाची आहे. पुन्हां वादळ येणारच नाहीं असें कोणीं सांगावें? ‘निसर्गा’नंतर वर्षभरांतच, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ याच किनाऱ्यालगतनें गेलें. परंतु त्या भीतीनें झाड लावावयाचें नाहीं असें कोंकणी माणसानें ठरविलें असतें, तर हा किनारा केव्हांच ओसाड झाला असता.

ज्या शेतकरीबंधूंची जमीन दूर गांवीं पडीक असेल, त्यांस आमची विनंति एवढीच, कीं तिचा सौदा करण्यापूर्वीं एकदां तेथें जाऊन राहावें, शेजाऱ्यास भेटावें आणि विहिरीचें पाणी चाखावें. मग विकावी वाटली तर खुशाल विकावी. आमच्या लागवडीचा जमाखर्च, यश आलें वा अपयश, आम्ही वेळोवेळीं याच मासिकांतून वाचकांपुढें ठेवूं.