रक्तांतील चुन्याचा जमाखर्च

व्हिएन्ना शहरांत ट्रामगाडीवर काम करणारा एक कंडक्टर हाडांच्या दुखण्यानें अंथरुणास खिळला होता. त्याचीं हाडें आंतून पोखरलीं होतीं, मांडीचें हाड मोडलें होतें आणि कॅल्शियम, म्हणजे चुन्याचें मूलद्रव्य, लघवीवाटे सारखें वाहून जात होतें. अशा रोग्याच्या गळ्यांतील पॅराथायरॉइड ग्रंथि वाढते ती हाडांच्या मदतीसाठींच, अशी त्या काळीं बहुतेक वैद्यांची समजूत होती. म्हणून फेलिक्स मांड्ल या शस्त्रवैद्यानें रोग्याला त्या ग्रंथीचा अर्क टोंचला. दुसऱ्या मनुष्याच्या ग्रंथीचें कलमही केलें. गुण आला नाहीं. अखेर १९२५ सालच्या जुलै महिन्यांत त्यानें धीर करून अगदीं उलट उपाय योजला. वाढलेली ग्रंथिच त्यानें काढून टाकली. थोड्याच काळांत वेदना हटल्या, लघवींतील कॅल्शियम उतरलें आणि रोगी पुन्हां चालूं लागला. ज्याला रखवालदार समजत होते तोच घर लुटीत होता!

हें कसें घडलें तें कळण्यास शरीराचा जमाखर्च पाहिला पाहिजे. प्रौढ मनुष्याच्या देहांत सुमारें १ किलोग्रॅम कॅल्शियम असतें. त्यांतील शेंकडा ९९ भाग हाडांत व दांतांत फॉस्फेटशीं बांधलेला असतो. रक्तांत खेळतो तो अंश अगदीं थोडा. १०० मिलिलिटर रक्तद्रवांत साधारण ९ ते १०.५ मिलिग्रॅम. परंतु स्नायूंचें आकुंचन, ज्ञानतंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके, रक्ताचें गोठणें, हा रोजचा व्यवहार त्यावरच चालतो. तो अंश फार उतरला तर हातापायांस मुंग्या व आंचके येतात. फार चढला तर सुस्ती, मलावरोध आणि मूतखडे. शहाणा गृहस्थ ठेव तिजोरींत ठेवून खर्चापुरती रक्कम हातीं राखतो, तसाच हा प्रकार आहे.

या जमाखर्चाचे मुनीम म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी. त्या बहुधा चार असतात. थायरॉइडच्या मागें, तांदळाच्या दाण्याएवढ्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८४९ सालीं मेलेल्या एका हिंदी गेंड्याच्या शरीरांत रिचर्ड ओवेन यांस ही ग्रंथि प्रथम दिसली. मनुष्यांतील ग्रंथींचें वर्णन स्वीडनच्या इव्हार सांडस्ट्रम यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलें. मूर्ति लहान, पण कीर्ति महान!

रक्तांतील कॅल्शियम किंचित् उतरलें कीं या ग्रंथी आपला अंतःस्राव, म्हणजे हॉर्मोन, रक्तांत सोडतात. हाडांतून तो कॅल्शियम व फॉस्फेट दोन्ही मोकळीं करवितो. मूत्रपिंडांत तो कॅल्शियम अडवून धरतो आणि फॉस्फेटला मात्र बाहेरची वाट दाखवितो. तसें न झालें तर दोहोंचें पुन्हां संयुग होऊन मिळविलेलें कॅल्शियम हातचें जाईल. शिवाय सूर्यप्रकाशानें त्वचेंत तयार झालेल्या ड जीवनसत्त्वाला मूत्रपिंडांत कार्यक्षम रूप मिळतें, तेंही याच स्रावाच्या प्रेरणेनें. मग आंतडें अन्नांतील कॅल्शियम अधिक शोषून घेतें. गरज भागली, कीं रक्तांतील कॅल्शियमच ग्रंथींचा हात आवरतें.

फॉस्फेटवर आणखी एक पहारा आहे. त्याचा संचय वाढला, कीं हाडांतील पेशी एफजीएफ-२३ नांवाचा स्राव सोडतात. मूत्रपिंडें मग फॉस्फेट टाकून देतात आणि ड जीवनसत्त्वाचा जोरही मंदावतो. हा स्राव २००० सालीं उजेडांत आला. हाडें म्हणजे निव्वळ तिजोरी नव्हे. तिजोरीलाही आपलें मत असतें.

व्हिएन्नाच्या त्या कंडक्टरची एक ग्रंथि गांठ होऊन बेबंद झाली होती. रक्तांत कॅल्शियम पुरेसें असूनही ती हाडांकडे मागणी करीतच राहिली. पुढें कांहीं वर्षांनीं त्याचें दुखणें उलटलें व त्यांतून तो वाचला नाहीं. आज अशी गांठ पुष्कळदां हाडें पोखरण्यापूर्वींच, रक्ताच्या साध्या तपासणीनें ध्यानांत येते आणि शस्त्रक्रियेनें बहुतेक रोगी बरे होतात.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. ग्रंथी निरोगी असल्या तरी अन्नांत कॅल्शियम कमी पडलें किंवा ऊन मिळालें नाहीं, तर त्या हाडें झिजवून रक्ताची मात्रा सांभाळतात. म्हणून रक्तांतील आंकडा बरोबर आला एवढ्यावरून हाडांतली ठेव शाबूत आहे असें ठरत नाहीं. हातांतली रक्कम पुरी दिसली, तरी ती कमाईंतून आली कीं ठेव मोडून, हें पाहणें उरतेंच.