गरगर फिरू नकोस, दादा!

शंभर टनी यंत्रमानव चालवूनही वीस टनी चिमुरड्याकडून मार खाताय? दोष नेमाचा नाही, बॉस. लोचा आहे वळण्याच्या स्पीडचा!

शनिवारची रात्र. मी साताऱ्यात, मामेभाऊ सांगलीत, मध्ये ब्रॉडबँड. गेम 'मेकवॉरिअर ऑनलाइन', २०१३ साली आलेला, अवाढव्य यंत्रमानवांच्या म्हणजे 'मेक'च्या मारामारीचा. मी अर्थातच 'ॲटलास' घेतो. १०० टन, बघूनच धडकी भरावी असा. पठ्ठ्या घेतो 'लोकस्ट'. अवघे २० टन. आणि दर वेळी आडवा होतो मीच!

'दादा, किती गरगर फिरायलायस? चक्कर येईल की!' हेडफोनमधून खिदळणं.

आमची पैज ठरलेली. मी हरलो तर साताऱ्याचे कंदी पेढे, तो हरला तर सांगलीचं भडंग. वर्षभरात भडंगाचा दाणा चाखलेला नाही.

पण मागच्या महिन्यात खिदळणंही बंद झालं. मामीचा फोन आला, 'परीक्षेचा निकाल लागल्यापासून धड बोलत नाही रे कुणाशी. तू बघ जरा.' पेढे घेतले आणि निघालो.

कोयना एक्स्प्रेसच्या खिडकीत माझी ट्यूब पेटली. रुळालगतचे खांब सटासट मागे पळत होते, मान वळवेपर्यंत गायब. आणि लांबचा जरंडेश्वराचा डोंगर? जागचा हलेना. गाडी तीच, स्पीड तोच. फरक फक्त अंतराचा!

गेममध्येही हाच फंडा. समजा, लोकस्ट ताशी ९० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, तुमच्याभोवती रिंगण घालतोय. तो २५० मीटरवर असेल, तर त्याच्यावर नेम धरून ठेवायला सेकंदाला जेमतेम ६ अंश वळावं लागतं. ५० मीटरवर आला की २९ अंश. २५ मीटरवर थेट ५७! जड मेकचं धड एवढ्या झटक्यात फिरत नाही, माउस कितीही ओढा. शिवाय ते कमरेतून ठरावीक मर्यादेपर्यंतच वळतं. पुढे पायही वळवावे लागतात. तोवर हा मागे पोहोचलेला असतो, आणि पाठीचं चिलखत असतं पातळ.

मग करायचं काय?

● लांब असतानाच टिपा. जवळ आला की गणित त्याच्या बाजूचं.

● पाठ भिंतीला लावा. रिंगण मोडतं, त्याला समोर यावंच लागतं.

● धड आणि पाय एकाच दिशेला वळवा. दोन्ही स्पीडची बेरीज होते.

● मागे मागे फिरू नका. तो डावीकडून पाठीमागे गेला, तर उजवीकडून वळून गाठा.

● तोफ डागताना नेम तो आहे तिथे नको, पोहोचणार आहे तिथे धरा.

सांगलीत मामी डोळ्यांनीच खुणावत होती. निकालाचं मी काहीच विचारलं नाही. दोन लॅपटॉप मांडले, ॲटलासची पाठ कड्याला लावली आणि वाट बघत थांबलो. तिसऱ्या फेरीत लोकस्ट आडवा. येस्स!

'कुठनं शिकलास रे दादा?'

'कोयना एक्स्प्रेसमधून.'

कितीतरी दिवसांनी तो हसला. आत जाऊन भडंगाचा डबा घेऊन आला, माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःहून म्हणाला, 'चार मार्कांनी गेलं बघ.'

चौथी फेरी काही आम्ही खेळलो नाही.