संगणकाची 'स्मृती' निवडताना

'स्मृती' हा शब्द कला शाखेच्या वर्गात उच्चारला, की कुणाला मनुस्मृती आठवते, कुणाला काव्यशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक आठवतो, तर कुणाला परीक्षेच्या आदल्या रात्रीची स्वतःची अवस्था आठवते. प्रस्तुत लेखातील स्मृती मात्र वितीहून आखूड अशा एका पट्टीवर काळ्या चकत्यांच्या रूपाने बसलेली असते. बाजारात तिला रॅम म्हणतात. सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवणारे विद्यार्थी आता आपल्या महाविद्यालयातही दिसू लागले आहेत, आणि त्यांची सर्वाधिक फसगत होते ती या पट्टीपाशी.

रॅमचे काम समजायला आपले ग्रंथालय पुरेसे आहे. कपाटात पुस्तके हजारो असतात, पण वाचायची ती टेबलावर आणावी लागतात. संगणकाची डिस्क म्हणजे कपाट, रॅम म्हणजे टेबल. फरक एवढाच की वीज गेली की हे टेबल क्षणात पुसले जाते. आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युत्भार साठवणारा एक कपॅसिटर असतो. हा भार सतत पाझरत राहतो, म्हणून तो सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. भारनियमनाच्या गावात राहणाऱ्यांना अर्धवट राहिलेला निबंध का नाहीसा होतो, याचे उत्तर येथे आहे.

आता निवडीकडे वळू. रॅम ही स्वतंत्रपणे पसंत करण्याची वस्तूच नाही, हे एकदा मनाशी पक्के केले की निम्मा गोंधळ मिटतो. आधी प्रोसेसर ठरतो, त्यावरून मदरबोर्ड ठरतो, आणि मदरबोर्ड स्वीकारील तीच रॅम घ्यावी लागते. माझे वडील सुतारकाम करतात. चौकट भिंतीत बसल्यावर तिचे माप घेऊनच ते दाराच्या फळ्या कापायला घेतात. दुकानात गेल्यावर आपण मात्र स्वस्त मिळाली म्हणून फळी आधी विकत घेतो आणि मग तिच्या मापाची चौकट शोधत हिंडतो.

रॅमच्या पिढ्या असतात. डीडीआर४ चे मानक २०१२ साली आणि डीडीआर५ चे २०२० साली जाहीर झाले. दोन्ही पट्ट्या लांबीला सारख्या, दोघींना संपर्कबिंदू २८८. नुसत्या नजरेला त्या जुळ्या बहिणी वाटतात. पण खालच्या कडेची खाच निराळ्या जागी असते, एकीला १.२ व्होल्ट लागतात तर दुसरीला १.१, शिवाय डीडीआर५ मध्ये वीज नियंत्रित करणारी चकती पट्टीवरच असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर केला तर बोर्ड फुटतो. एएमडीच्या एएम४ बैठकीचे प्रोसेसर डीडीआर४ वर चालतात, तर २०२२ साली आलेल्या एएम५ ला डीडीआर५ च लागते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन्ही मानतात, पण त्यांच्यासाठी घेतलेला बोर्ड सहसा दोहोंपैकी एकच मानतो. काही कंपन्या अशा बोर्डाच्या नावाच्या शेवटी 'डी४' एवढेच छापतात. या दोन अक्षरांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. लॅपटॉपची रॅम तर आकारानेच लहान. ती डेस्कटॉपला बसतच नाही.

आमच्या घरचेच उदाहरण देतो. माझा थोरला भाऊ तालुक्याच्या गावी फ्लेक्स बॅनरची डिझाइने करतो. दुकान दुसऱ्याचे, संगणकही दुसऱ्याचा. २०२५ च्या मे महिन्यात त्याची बचत आणि माझे 'कमवा आणि शिका' योजनेतील पैसे एकत्र करून घरचा संगणक जुळवायचे ठरले. वेगळे ग्राफिक्स कार्ड परवडणारे नव्हते, म्हणून चित्र दाखवण्याची सोय ज्याच्या पोटातच आहे असा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आणि बी५५० जातीचा बोर्ड निवडला. म्हणजे डीडीआर४ ठरून गेली. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानदाराने, "भाऊ, लेटेस्ट आहे, घेऊन टाका," म्हणत डीडीआर५ पुढे केली. बोर्डाच्या खोक्यावरचे अक्षर दाखवल्यावर त्याने ती निमूट परत ठेवली.

दुसऱ्या दुकानातले आमिष अधिक गोड होते. तेथे मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या ३२ जीबीच्या डीडीआर४ पट्ट्या जवळजवळ निम्म्या किमतीत होत्या. खाच जुळत होती, पट्टी बसलीही असती. परंतु ती रजिस्टर्ड जातीची होती. तीत प्रोसेसर आणि चकत्या यांच्यामध्ये आज्ञा पुढे पोचवणारी एक वेगळी चकती असते आणि घरगुती बोर्डांना तिच्याशी बोलता येत नाही. असा संगणक सुरूच होत नाही. पट्टीच्या चिठ्ठीवर 'आर' हे अक्षर किंवा 'रजिस्टर्ड ईसीसी' असे दिसले की किंमत विचारू नये. दुकानदार "चालेल" म्हणाला. 'चालेल' हा मराठीतला फार महाग शब्द आहे, असे माझे मत होऊ लागले आहे.

किती घ्यावी, हे कामावर अवलंबून. टंकलेखन, वाचन आणि व्याख्याने ऐकणे एवढ्यासाठी ८ जीबीत कसेबसे, १६ जीबीत सुखाने भागते. फ्लेक्सचा हिशेब मात्र मी वहीत मांडून पाहिला. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा २० फूट बाय १० फुटांचा बॅनर. इंचाला ७२ ठिपके धरले तर १७,२८० गुणिले ८,६४०, म्हणजे जवळजवळ पंधरा कोटी ठिपके. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे पूर्ण आकाराच्या एका थराला सुमारे ६०० एमबी! पार्श्वभूमी, पुढारी, कार्यकर्त्यांच्या फोटोंची रांग असे थर चढत जातात आणि पुढाऱ्याच्या मागे उभे राहायला कार्यकर्ते कधी कमी पडत नाहीत. त्यातच आमच्या प्रोसेसरचा ग्राफिक्स भागही याच रॅममधून आपला वाटा घेतो. म्हणून मॉनिटर आणि कॅबिनेट जुने घेतले, पण रॅम ३२ जीबी घेतली.

तीही १६-१६ च्या दोन पट्ट्यांची, एकाच खोक्यातली जोडी. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटा मिळतात आणि देवाणघेवाणीची क्षमता दुप्पट होते. रॅममधूनच चित्र दाखवणाऱ्या प्रोसेसरला हा फायदा विशेष जाणवतो. 'आज एक घेऊ, पुढल्या वर्षी दुसरी' हा विचार आपल्यासारख्या घरांत साहजिक आहे. पण त्याच नावाच्या पट्टीतही पुढे चकत्या निराळ्या येऊ शकतात, आणि दोघींचे जमेलच याची हमी कुणी देत नाही.

वेगाच्या आकड्यांचा मात्र उगाच बाऊ केला जातो. '३२००' म्हणजे सेकंदाला ३२० कोटी देवाणघेवाणी. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोन होतात, म्हणून तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसते. फसवणूक झाली म्हणून दुकानदाराशी भांडू नये. त्याखालचा 'सीएल' हा आकडा उत्तराला लागणारा विलंब ठोक्यांत सांगतो. ३२०० ची सीएल १६ आणि ६००० ची सीएल ३० या दोहोंचा विलंब सारखाच, १० नॅनोसेकंद भरतो. अनेक पट्ट्या खोक्यावरच्या वेगाने आपणहून चालत नाहीत. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही नोंद चालू करावी लागते, नाहीतर पैसे एका वेगाचे आणि काम दुसऱ्याच.

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डावर तपासून पाहिलेल्या पट्ट्यांची यादी असते. तीत पट्टीचा पूर्ण क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. यादीत नसलेली पट्टी चालत नाही असे नाही. परंतु यादीतली घेतली तर वाद घालायला हातात कागद असतो. आणि वाद घालण्याची वेळ आता अधिक महाग झाली आहे. जगातील बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे त्यांचे उत्पादन वळल्याने २०२५ च्या अखेरीस काही महिन्यांत अनेक पट्ट्यांच्या किमती दुपटीहून अधिक झाल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशियल' या नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली.

पट्टी बसवताना बोर्डावर चार खाचा असतील, तर प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसरी आणि चौथी वापरावी. बोर्डाच्या पुस्तिकेत तसे चित्र असते. दोन्ही टोकांचा 'टक्' असा आवाज यायला हवा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमशी ओळख करून घेत असतो, तेव्हा घाबरून बटण दाबू नये. त्यानंतर मेमटेस्ट८६+ हा विनामूल्य प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य असले तर कामाला लागावे. एक जरी चूक दिसली, तरी पावती घेऊन त्याच दिवशी दुकान गाठावे.