टपाचे लोंबते अस्तर : समज आणि वस्तुस्थिती

जुन्या मोटारीच्या टपाचे अस्तर लोंबू लागले की सीटकव्हरवाल्याकडून थोडे सोल्यूशन मारून ते पुन्हा चिकटवून घ्यावे, हा गाडीमालकांमध्ये सर्वांत रुजलेला समज आहे. अस्तराची बांधणी न पाहता केलेला हा उपाय बहुतेक वेळा ‘रोग एक, औषध भलतेच’ या जातीचा ठरतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी या नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीच्या पिढीत अस्तर साधारणतः टपाच्या पत्र्याला चिकटवलेले नसतेच. रेग्झीनच्या पाठीमागे आडवे नेफे शिवलेले असतात, त्यांतून पोलादी सळ्या ओवून त्यांची टोके बाजूच्या चौकटीत अडकवतात आणि केवळ कडा चिकटवून ताण देतात. असे अस्तर लोंबते ते नेफ्याची शिवण कुजल्यामुळे, सळई निसटल्यामुळे किंवा कडेचे सोल्यूशन सुकून सुटल्यामुळे. मधला भाग पत्र्याला चिकटवण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. पुढच्या काळातील गाड्यांत मात्र साच्यात घडवलेल्या पुठ्ठ्यासारख्या पाट्यावर पातळ फोम जोडलेले कापड बसवलेले असते. हा फोम पॉलियुरेथेनचा असून उष्णता व दमटपणा यांमुळे त्याचे विघटन होते, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यासारख्या वसाहतीत वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ते लवकर होते. कापड धड, पाटाही धड, परंतु दोहोंमधल्या फोमची पिवळसर चिकट भुकटी झालेली असते. या भुकटीवर मारलेले सोल्यूशन भुकटीलाच धरते आणि कापडावर डाग तेवढा उमटतो. म्हणून पाटा उतरवून, कापड सोलून, तोंडाला मास्क लावून जुना फोम ब्रशने पूर्ण खरवडावा लागतो. नंतर उष्णता सोसणारे सोल्यूशन पाटा व नवे कापड या दोन्हींवर लावून, बोट टेकवले असता तार सुटेनाशी होईपर्यंत थांबून, मधून कडांकडे दाबत कापड बसवतात.

सळ्या कुठेही घातल्या तरी चालतात, हा समज कारागिरांतही आढळतो. टपाची गोलाई पुढून मागे बदलत असल्याने प्रत्येक सळईची लांबी व बाक वेगळा असतो, त्यामुळे काढतानाच त्यांवर क्रमांक टाकणे भाग असते. जुने अस्तर फाटके म्हणून फेकण्याची घाईही अशीच अंगाशी येते, कारण नव्याच्या बेतणीचा खरा नमुना तेच असते. अनेक जुन्या गाड्यांत अस्तराची पुढची व मागची कड काचेच्या रबराखाली जाते. काच न काढता रबरालगत ब्लेडने कापून दिलेले काम स्वस्त पडते, पण काही दिवसांतच कड सुटते.

गरम हवेने सर्व सुरकुत्या जातात, हे नव्या रेग्झीनबाबत बऱ्याच अंशी खरे आहे. जुन्या रेग्झीनला मऊ ठेवणारी द्रव्ये उडून गेलेली असल्याने ते तापवताच तडकते. पिवळे डाग कापडाचा दोष मानले जातात, मात्र त्यांचे मूळ बहुधा काचेचे सुकलेले रबर किंवा टपाच्या पन्हळीतला गंज यांत असते, आणि गळती न थांबवता घातलेले नवे अस्तर पहिल्याच पावसाळ्यात डागाळते.

अस्तर बदलल्यास गाडीचा ‘व्हिंटेज’ दर्जा जातो, ही भीतीही निराधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार हा दर्जा पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकींना मिळतो, आणि ज्या मोठ्या फेरफारांना तेथे मनाई आहे त्यांत चासी, बॉडीचा सांगाडा व इंजिन यांचा निर्देश आहे. मूळ रंग व पोत साधण्यासाठी नेफ्याच्या आतला, उन्हाचा स्पर्श न झालेला तुकडा कापून नमुना म्हणून दुकानात न्यावा. दर्शनी भागाचा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने व धुराने इतका पालटलेला असतो की त्यावरून घेतलेले रेग्झीन हमखास चुकते.