परंड्याची उत्तर, उमरग्याची उत्तर

प्लेन टेबलावर मोजणी करणारा भूकरमापक आधी फळा फिरवायचा. तिपाईवर लाकडी फळा, त्यावर चिकटवलेला गावनकाशा. पायाखालचा हद्दीचा दगड कागदावरच्या त्याच्या ठिपक्याखाली यायला हवा आणि कागदावरची रेघ लांबच्या दुसऱ्या दगडावर रोखलेली हवी. पट्टीच्या फटीला डोळा लावून तो फळा केसभर इकडे, केसभर तिकडे करायचा. दगड नजरेत आला की स्क्रू आवळायचा. त्या क्षणी कागदावरचा प्रत्येक बांध शिवारातल्या बांधाला समांतर होतो. एक कोन साधला की अख्खं गाव दिशेला लागतं!

फिरवण्याचीच एवढी काळजी का? नकाशा मीटरभर सरकला, तर सगळे बांध मीटरभरच सरकतात. फिरण्यातली चूक मात्र अंतराबरोबर वाढत जाते. कोन एक अंशाने चुकला, तर पायाखालच्या दगडापाशी काहीच बिघडलेलं दिसत नाही. 30 मीटरवर अर्धा मीटर फरक पडतो, 300 मीटरवर सव्वापाच मीटर. आणि क्षेत्रफळ? ते तसूभरही हलत नाही. 33 फुटी साखळीचा गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तो कसाही फिरवा, 1089च राहतो. सातबारावरचं क्षेत्र चोख जुळतं, तरीही बांधाचा तंटा उभा राहू शकतो, तो यामुळे. फिरवण्याचा हा गुण मला फार विलक्षण वाटतो: लांबी, कोन, क्षेत्र सगळं जपून ठेवायचं आणि जागा तेवढी बदलायची.

आता जुना नकाशा स्कॅन होतो आणि दगडाची जागा रोव्हर नावाचं उपकरण उपग्रहांवरून सांगतं. फळा फिरवायचं काम आकडेमोड करते. जर्मन भूमापनतज्ज्ञ हेल्मर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीत चारच संख्या शोधायच्या असतात: किती फिरवायचं, किती ताणायचं, पूर्वेकडे किती सरकवायचं, उत्तरेकडे किती. एक दगड दोन आकडे देतो, म्हणून दोन दगडांत काम भागतं. तरी तिसरा दगड घ्यावाच. दोन दगडांवर चुकीचा नकाशाही बिनतक्रार बसतो. चूक उघडी पाडतो तो तिसराच. शिवाय जुना कागद आडवा-उभा सारखा आकसत नाही. तो दोन्ही दिशांना वेगवेगळा ताणायचा आणि त्याचा तिरपेपणाही काढायचा, तर सहा संख्या लागतात, म्हणजे किमान तीन दगड.

पण फिरवायचं कोणत्या उत्तरेला धरून? उपग्रहाच्या मोजणीत सर्रास वापरली जाणारी यूटीएम ही नकाशाची चौकट धाराशिव जिल्ह्यात 75 अंश रेखांशाला मध्य मानते. ती रेघ शेजारच्या करमाळ्याच्याही पश्चिमेकडून जाते, म्हणजे सगळा जिल्हा तिच्या पूर्वेला. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात. चौकटीच्या उभ्या रेघा मात्र समांतरच राहतात. त्यामुळे चौकटीची उत्तर खऱ्या उत्तरेच्या किंचित पूर्वेला कलते. किती, हे साध्या गुणाकाराने कळतं: मध्यरेषेपासूनचे रेखांशाचे अंश गुणिले अक्षांशाची साइन. जिल्ह्यातल्या परंड्याला साधारण साडेआठ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), धाराशिव शहरात वीसेक कला, उमरग्याला जवळजवळ अर्धा अंश.

चौकटीची उत्तर धरून परंड्यातून किलोमीटरभर चाललात, तर खऱ्या उत्तरेपासून अडीच मीटर पूर्वेला निघाल. उमरग्यात तेवढ्याच चालीत साडेआठ मीटरहून थोडं जास्त. खऱ्या उत्तरेला धरून काढलेला उमरग्याचा नकाशा या चौकटीत बसवायचा, तर तो परंड्याच्या नकाशापेक्षा साडेतीनपट फिरवावा लागतो.