धाब्यावरून थेट डोंगराकडे

आंबोलीत छपरावर कोणी बसत नाही. वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस झेलायचा तर कौलांना उतार हवाच. त्यामुळे मत्तयाच्या शुभवर्तमानातला २४वा अध्याय इथे वाचायला घेतला, की आधी अडतं ते छपरापाशी. संकट दिसताच धाब्यावरच्या माणसाने घरातलं सामान घ्यायला खाली उतरू नये, असं येशू सांगतो. मग काय, वरून उडी मारायची?

येशूच्या मुलखातली घरं बघा. फांद्यांवर माती चोपून केलेलं सपाट धाबं. तिथे जवस वाळायचं, माणसं झोपायची. कोणी पडू नये म्हणून कठडा बांधायचा नियमही जुन्या करारात आहे. जिना बहुधा बाहेरच्या अंगाने, अंगणात उतरणारा. अंगणात पाय टेकला की एक वाट घरात, दुसरी थेट रस्त्यावर. आत वळू नका, एवढंच सांगणं. केवढी ही बारीक नजर!

शेतातल्या माणसाची परीक्षा याहून अवघड. त्याने अंगवस्त्रासाठी मागे फिरायचं नाही. हे वस्त्र म्हणजे आपली घोंगडीच: दिवसा अंगावर, रात्री पांघरायला. गरिबाचं वस्त्र गहाण घेतलंत तर सूर्यास्ताआधी परत करा, असं जुन्या करारातल्या निर्गमच्या २२व्या अध्यायात बजावलंय. तेच टाकून पळायचं.

मला यात वैराग्य दिसत नाही. जीव वाचवायची रोकडी सूचना दिसते. डोंगराकडे पळा, या त्याच्या सांगण्याला इतिहासही आहे. इ.स.पू. १६७मध्ये अंतियोख राजाने यरुशलेमच्या मंदिरात परकी वेदी उभारली, तेव्हा मत्तथिया नावाचा यहुदी याजक आणि त्याचे मुलगे होतं नव्हतं ते गावात सोडून डोंगरात शिरले आणि तिथून गनिमी काव्याने लढले. एरवी लोक तटाच्या आत धावत. इ.स. ७०मध्ये रोमनांनी यरुशलेमला वेढा घातला तेव्हा आत शिरलेले आतच अडकले. तिथले ख्रिस्ती आधीच यार्देनेपलीकडच्या पेल्ला गावी निघून गेले होते, असं चौथ्या शतकातला युसेबियस लिहितो. इतिहासकार त्यावर अजून भांडतात.

पुढे येशू म्हणतो, पळायची वेळ हिवाळ्यात येऊ नये म्हणून प्रार्थना करा. तिकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो आणि कोरडे ओढे अचानक फुगतात. आषाढात घाटात दरड आली की सावंतवाडीला उतरायचं कसं, हे ठाऊक असलेल्या आंबोलीकराला याहून जास्त सांगायला नको. मार्काच्या शुभवर्तमानात हिवाळ्याचं एवढंच आहे. मत्तय मात्र शब्बाथही, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा वारही जोडतो, कारण त्या दिवशी गावाबाहेर सुमारे २,००० हातांपलीकडे जायला मनाई होती. जीव मुठीत घेऊन पळतानाही आज वार कोणता, हे आधी पाहणारे लोक त्याच्या वाचकांत नक्की असणार.