भूक, घाम आणि प्रोटॉनची गळती

स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत १९५९ च्या सुमारास पस्तिशीतल्या एका बाईची तपासणी सुरू झाली. स्वीडनच्या कडाक्याच्या थंडीतही तिला दरदरून घाम फुटायचा. तहान भागायची नाही, भूक शमायची नाही, आणि भरपूर खाऊनही अंगाला काही लागायचं नाही. लहानपणापासून हे असंच चाललेलं होतं. स्वस्थ पडून असतानाही तिचं शरीर इतरांच्या दुपटीहून अधिक वेगानं ऑक्सिजन वापरत होतं. लक्षणं थायरॉइड ग्रंथी बेफाम झाल्याची, पण थायरॉइडमध्ये दोष काही सापडेना.

डॉ. रॉल्फ लुफ्त यांनी मग तिच्या स्नायूचा छोटा तुकडा काढला आणि जैवरसायनतज्ज्ञ लार्स एर्नस्टर यांच्या मदतीनं त्यातल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, वेगळ्या केल्या. गरज असो वा नसो, या तंतुकणिका पूर्ण वेगानं ऑक्सिजन खात सुटल्या होत्या. १९६२ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. एखाद्या आजाराचं मूळ पेशीतल्या तंतुकणिकेपर्यंत जाऊन पोहोचल्याची ही पहिली नोंद. बाईच्या शरीरात अन्न जळत होतं, ऑक्सिजन खपत होता, उष्णता निघत होती. फक्त या सगळ्यावरचा लगाम सुटला होता. तो लगाम कुठे असतो, हे कळायला पेशी ऊर्जा कशी मिळवते इथपासून सुरुवात करावी लागते.

श्वसन म्हणजे एक प्रकारचं मंद ज्वलन, हे लव्हॉझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यातच दाखवलं होतं. बर्फानं वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून त्याच्या उबेनं किती बर्फ वितळतो ते त्यांनी मोजलं, आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणाऱ्या कोळशाच्या उष्णतेशी ते ताडून पाहिलं. हिशेब बराचसा जुळला. पण नुसत्या उष्णतेवर स्नायू आकसत नाही, मेंदू विचार करत नाही. जळणातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात कुठेतरी धरून ठेवायला हवी. हे रूप सापडायला पुढे जवळपास दीडशे वर्षं गेली, आणि सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांत एक भारतीय होता.

येल्लाप्रगडा सुब्बाराव १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमवरमला जन्मले. मद्रासला वैद्यकीचं शिक्षण घेताना खादी घातल्याबद्दल त्यांच्यावर इंग्रज प्राध्यापकाची खप्पामर्जी झाली आणि पूर्ण पदवीऐवजी कमी दर्जाच्या प्रमाणपत्रावर त्यांची बोळवण झाली. पुढे ते बोस्टनला गेले. पोटासाठी रात्री इस्पितळात रुग्णांची भांडी साफ करायची आणि दिवसा हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्या प्रयोगशाळेत काम करायचं, असे दिवस त्यांनी काढले. या दोघांनी १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. द्रावणाला येणारा निळा रंग किती गडद आहे यावरून फॉस्फरस किती, ते कळायचं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत पुढे कित्येक दशकं वापरली.

सुब्बारावांच्या हाती मात्र तिनं थेट स्नायूच दिला. स्नायू लॅक्टिक आम्लाच्या जोरावर आकसतो, असा त्या काळी समज होता. त्या कामाला १९२२ चं नोबेलही मिळालेलं होतं. फॉस्फरसचं मोजमाप करता करता फिस्क आणि सुब्बाराव यांना १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन सापडलं. ते काम करणाऱ्या स्नायूत खर्च व्हायचं आणि विश्रांतीत पुन्हा भरून यायचं. १९२९ मध्ये त्यांना अडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी, मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं. सुब्बारावांना हार्वर्डनं कायमची नोकरी काही दिली नाही. ते लेडर्ले कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या चमूनं हत्तीरोगावरचं डीईसी हे औषध आणलं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे हत्तीरोगाविरुद्ध घरोघर वाटली जाते ती हीच गोळी. ती गिळणाऱ्याला सुब्बारावांचं नाव ठाऊक नसतं, याचं वाईट वाटतं.

एटीपीच्या रेणूला फॉस्फेटचे तीन गट जोडलेले असतात. शेवटचा सुटला की ऊर्जा मोकळी होते आणि उरतं ते एडीपी. त्याला फॉस्फेट परत जोडलं की पुन्हा एटीपी. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा ५० ते २५० ग्रॅमच्या घरात असतो, असे अंदाज आहेत. दिवसभराचा खर्च मात्र जवळपास माणसाच्या स्वतःच्या वजनाइतका! म्हणजे एकेक रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडायचा आणि शेकडो वेळा जोडायचा. साठवून ठेवावं असं हे द्रव्य नव्हेच. पुरवठा थांबला की काय होतं, ते मृत शरीरात दिसतं. आकसलेल्या स्नायूतले तंतू एकमेकांपासून सुटायलाही एटीपी लागतं. ते संपलं की तंतू अडकून राहतात आणि प्रेत ताठरतं.

हे जोडकाम तंतुकणिका करते कसं? विसाव्या शतकाच्या मध्यावर जैवरसायनातला हा सर्वांत अवघड प्रश्न होता. अन्नाचे रेणू मोडताना निघणारे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरच्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकत जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होतं, एवढं कळलं होतं. या प्रवासातली ऊर्जा एटीपीत पोहोचवणारा कुणीतरी मधला रेणू असणार, असं सगळे धरून चालले होते. मोठमोठ्या प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या. तो कुणालाही सापडला नाही.

असा रेणू नाहीच, असं १९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानं मांडलं. इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पटलाच्या आतून बाहेर ढकलले जातात. बाहेर त्यांची दाटी होते, आत तुटवडा पडतो. धरणाच्या भिंतीआड चढलेलं पाणी टर्बाइनमधून खाली येताना वीज देतं, तसे हे प्रोटॉन पटलातल्या एका प्रथिनातून आत परतताना एटीपी घडवतात. ऊर्जा कुठल्या एका रेणूत नाही, पटलाच्या दोन बाजूंमधल्या फरकात आहे. हा फरक फार तर दीडशे ते १८० मिलिव्होल्टचा, पण पटलाची जाडी मीटरच्या अब्जाव्या भागाच्या सहापटीएवढीच. त्यामुळे तिथली विद्युत तीव्रता मीटरमागे सुमारे ३ कोटी व्होल्ट भरते.

मिचेल यांचं म्हणणं बहुतेकांना पटलं नाही. पोटाच्या अल्सरनं बेजार होऊन त्यांनी १९६३ मध्ये एडिंबरा विद्यापीठ सोडलं आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, ग्लिन हाउस नावाची पडकी हवेली दुरुस्त करून तिथेच प्रयोगशाळा थाटली. जेनिफर मॉइल या त्यांच्या जुन्या सहकारी सोबत होत्या. १९६६ मध्ये अमेरिकेत आंद्रे यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानांतली हरितलवकं आधी आम्लात भिजवली आणि मग अंधारातच अल्कधर्मी द्रावणात टाकली. प्रकाश नाही, तरी एटीपी तयार झालं. पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा फरक एवढंच काय ते तिथे होतं. हळूहळू विरोधकही वळले आणि १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेल यांना मिळालं.

प्रोटॉन ज्यातून परततात ते प्रथिन, एटीपी सिंथेज, खरोखरच फिरतं. पॉल बॉयर यांनी तसं सुचवलं होतं. जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये बैलाच्या हृदयातल्या या प्रथिनाची रचना उलगडून त्याला आधार दिला, आणि १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या दांड्याला चमकणारा तंतू चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगरताना चक्क चित्रित केला. त्या प्रयोगात एटीपी मोडून चाक उलटं चालवलं होतं, पण चाक आहे यावर शंका उरली नाही. सस्तन प्राण्यांत आठ प्रोटॉन आत गेले की एक फेरा पूर्ण होतो आणि एका फेऱ्यात तीन एटीपी घडतात.

आता लगामाकडे येता येतं. वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांना भरपूर अन्न आणि ऑक्सिजन दिला, पण एडीपी दिलं नाही, तर त्या जवळजवळ स्वस्थ बसतात. ब्रिटन चान्स आणि जी. आर. विल्यम्स यांनी १९५५ मध्ये याची नेमकी मोजमापं दिली. एडीपी टाकलं की ऑक्सिजनचा खप कित्येक पटींनी उसळतो. ते सगळं एटीपी होऊन गेलं की खप पुन्हा खाली. कारण मिचेल यांच्या चित्रात दिसतं. एडीपी नसेल तर चाक फिरत नाही, चाक फिरलं नाही तर प्रोटॉन परतत नाहीत, बाहेरची दाटी इतकी वाढते की नवे प्रोटॉन ढकलणं कठीण होतं, आणि मग इलेक्ट्रॉनही जागच्या जागी थबकतात. म्हणजे पेशी किती वेगानं जाळणार, हे तिनं एटीपी किती खर्च केलं यावर ठरतं. ताटात काय आणि किती वाढलंय, त्यावर नाही. जास्त खाल्लं म्हणून जास्त एटीपी होत नाही. एटीपी आणि सायट्रेट पुरेसं असलं की ग्लुकोज मोडण्याच्या वाटेवरचं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम मंदावतं, आणि उरलेला कार्बन ग्लायकोजेन किंवा चरबीकडे वळतो. वाढत्या पोटाच्या घेराचं मूळ या साध्या हिशेबात आहे.

हा हिशेब मोडणारं एक रसायन आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हे पिवळं द्रव्य वापरायचे. ते हाताळणारे कामगार घामाघूम व्हायचे, वाळायचे, तापानं फणफणायचे, काही दगावले. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या विंडसर कटिंग आणि मॉरिस टेंटर यांनी तेच लठ्ठ रुग्णांना दिलं. जेवण न तोडता वजन उतरू लागलं. वर्षभरात एकट्या अमेरिकेत निदान लाखभर लोकांनी ते घेतलं, असा टेंटर यांचाच अंदाज होता. डॉक्टरच्या चिठ्ठीचीही गरज नव्हती. मग तरुण स्त्रियांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले आणि काहीजण शरीराचं तापमान चढत जाऊन मेले. १९३८ च्या नव्या औषध कायद्यानंतर त्याची विक्री थांबली.

डायनायट्रोफेनॉलचा रेणू चरबीत सहज विरघळतो. तो पटलाच्या बाहेरच्या बाजूला प्रोटॉन उचलतो, पटलातून आरपार जाऊन आत सोडतो आणि परत येतो. प्रोटॉन आत परततात खरे, पण चाकाला वळसा घालून. एटीपी होत नाही, दाटी ओसरते, लगाम सुटतो आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. स्टॉकहोमच्या त्या बाईच्या तंतुकणिकाही विषाविनाच अशा बेलगाम चालत होत्या.

गळती म्हणजे दोषच, असं मात्र नाही. निरोगी पटलातूनही थोडे प्रोटॉन सतत पाझरत असतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये विश्रांतीच्या काळातला सुमारे पाचवा हिस्सा ऑक्सिजन या पाझरामागे खर्ची पडतो. आणि एका जागी तर निसर्गानं मुद्दाम दार उघडं ठेवलं आहे. नवजात बाळाला थंडीनं कुडकुडणं जमत नाही. आजी त्याला दुपट्यात घट्ट गुंडाळते, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवते. बाळाच्या पाठीत, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, त्याची स्वतःचीही ऊब असते, ती तपकिरी चरबी. त्या पेशींच्या तंतुकणिकांत यूसीपी-१ नावाचं प्रथिन प्रोटॉनना थेट आत सोडतं आणि उष्णता निघते. मेंदूकडून थंडीचा निरोप आला की दार उघडतं, एरवी बंद असतं. विष आणि या प्रथिनात सगळा फरक एवढाच, आणि तो जीवनमरणाचा आहे. ही चरबी मोठेपणी नाहीशी होते, असं बराच काळ मानलं जात होतं. पण प्रौढांच्या मानेत आणि गळ्याच्या हाडाजवळही ती कामाच्या अवस्थेत असल्याचं २००९ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी स्कॅनच्या आधारे दाखवलं.

पेशीकडे आणखी एक बारीक नियंत्रण आहे. एटीपी कमी पडायला लागलं की दोन एडीपी एकत्र येऊन एक एटीपी आणि एक एएमपी होतं. एएमपी एरवी इतकं थोडं असतं की एटीपीत किंचित घट झाली तरी त्याचं प्रमाण कित्येक पटींनी चढतं. ही वाढ एएमपीके नावाचं एन्झाइम ओळखतं. ते चरबी तयार करणं थांबवतं, स्नायूत ग्लुकोज घ्यायची वाट मोकळी करतं आणि काही दिवस असंच चाललं तर नव्या तंतुकणिका घडवायला लावतं. रोज चालणाऱ्या, पोहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाच्या स्नायूत हेच होतं. मधुमेहासाठी घराघरांत घेतलं जाणारं मेटफॉर्मिनही इलेक्ट्रॉनच्या साखळीतला पहिला टप्पा किंचित अडवतं आणि एएमपीकेला जागं करतं. त्याचा किती परिणाम या मार्गानं होतो आणि किती दुसऱ्या, यावर संशोधकांचा वाद चालूच आहे.

गळतीचा औषध म्हणून वापर करायचा विचारही पुन्हा सुरू झाला आहे. येल विद्यापीठातल्या जेरल्ड शुलमन यांच्या गटानं २०१५ मध्ये डायनायट्रोफेनॉल अगदी सावकाश सुटेल असं रूप उंदरांना दिलं. त्यांच्या यकृतातली चरबी आणि मधुमेह दोन्ही कमी झाले, अंगाचं तापमान मात्र चढलं नाही. पण तो उंदरांवरचा, मोजून-मापून केलेला प्रयोग होता. इंटरनेटवर व्यायामशाळेतल्या पोरांना चरबी जाळणारी गोळी म्हणून विकलं जातं ते जुनंच विष असतं, आणि त्यानं आजही तरुण मुलं मरतात. ब्रिटननं ऑक्टोबर २०२३ पासून ते नियंत्रित विषांच्या यादीत घातलं. त्यावर उतारा नाही. ते पोटात गेलेला माणूस इस्पितळात आणला, तर त्याचं शरीर सर्व उपायांनी थंड करत राहायचं आणि विषाचा जोर ओसरेपर्यंत वाट पाहायची, एवढंच डॉक्टरांच्या हाती उरतं.